गोलजाळ्यापुढची पंधरा वर्षं



वरसाव्याच्या पुलावरची संध्याकाळची कोंडी पार करून तुम्ही इथं आला आहात, तेव्हा प्रस्तावना लांबवत नाही. आज मी एका फिनिश फुटबॉलपटूविषयी बोलणार आहे. त्याचं नाव यूसी यास्केलाइनेन. तो गोलरक्षक. १९९७ साली तो इंग्लंडमधल्या बोल्टन वाँडरर्स या क्लबात दाखल झाला आणि २०१२ पर्यंत तिथंच राहिला. पाचशेहून अधिक सामन्यांत त्यानं बोल्टनचं गोलजाळं सांभाळलं. तुमच्यापैकी बहुतेकांनी हे नाव ऐकलेलं नसेल, आणि म्हणूनच मी ते निवडलं. मेस्सीच्या कारकिर्दीकडे आपण थक्क होऊन पाहतो, पण ती कशी घडली हे सांगायला गेलं की शेवटी प्रतिभेपाशी येऊन थांबावं लागतं. यास्केलाइनेनची कारकीर्द तशी नाही. ती कुठल्या टप्प्यावर कुणी उचलून धरली, कुठं कायदा मदतीला आला, कुठं नुसती वाट पाहावी लागली, हे सगळं बोट ठेवून दाखवता येतं.

काजूपाड्यापासून चेण्यापर्यंत, तिकडे उत्तनला आणि खाडीपलीकडे वसईच्या गावांत, मोकळी जागा दिसली की मुलं फुटबॉल खेळताना दिसतात. अंगात चेल्सी, आर्सेनल, मँचेस्टर युनायटेडचे शर्ट असतात. पाठीवर ब्राझीलची, नॉर्वेची, पोर्तुगालची नावं असतात. आपल्यातलं एखादं नाव तिथं का नाही, असं ही मुलं विचारतात तेव्हा वडीलधारी माणसं दोन उत्तरं देतात. एक, आपल्याकडे क्रिकेटनं सगळं खाल्लं. दोन, आपली अंगकाठी त्या खेळाला पुरत नाही. ही दोन्ही उत्तरं मला पटत नाहीत, आणि फिनलंडकडे पाहिलं की ती आणखीच लंगडी वाटतात.

फिनलंडची लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख होती. म्हणजे आपल्या एका जिल्ह्याच्या निम्मा तो देश. तिथंही फुटबॉल हे लोकांचं पहिलं प्रेम नाही. तो मान आइस हॉकीचा. वर्षातले कित्येक महिने मैदानावर बर्फ असतो, त्यामुळे त्यांची मुख्य लीग वसंतापासून शरदापर्यंत खेळली जाते, म्हणजे इंग्लंड-स्पेनमधला हंगाम जिथं संपतो तिथं यांचा भर असतो. दुसऱ्या खेळाचं वर्चस्व, प्रतिकूल हवा, लहान बाजारपेठ, या सगळ्या अडचणी त्यांनाही आहेत.

हेलसिंकी हे नाव मराठी माणसाच्या परिचयाचं आहे ते खाशाबा जाधवांमुळे. १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या या पैलवानानं फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी गावानं वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकिकत महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. त्याच हेलसिंकीत भारताचा फुटबॉल संघही गेला होता, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. युगोस्लाव्हियानं आपल्याला १०-१ असं हरवलं. आपले अनेक खेळाडू त्या थंडीत अनवाणी खेळत होते. त्या पराभवानंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट सक्तीचे झाले. आणि चारच वर्षांनी, १९५६ ला मेलबर्नमध्ये, भारत ऑलिंपिक फुटबॉलमध्ये चौथा आला. ऑस्ट्रेलियाविरुद्ध नेव्हिल डिसूझानं तीन गोल केले. हा खेळाडू मूळचा गोव्याचा, मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारा.

फिनलंडचीही ऑलिंपिकमधली सर्वोत्तम कामगिरी चौथ्या क्रमांकाचीच, १९१२ ची. त्यानंतर दोन्ही देशांची फुटबॉलमध्ये पीछेहाट झाली. फिनलंडनं मोठ्या स्पर्धेची पात्रता गाठायला एकविसाव्या शतकाची दोन दशकं जाऊ दिली. इथवर आपण दोघं बरोबरीनं चाललो. फरक पडला तो खेळाडूंच्या प्रवासात. सामी ह्यूपिया लिव्हरपूलमध्ये १९९९ पासून दहा वर्षं बचावाचा खांब होता, २००५ ला इस्तंबूलमध्ये चॅम्पियन्स लीग जिंकणाऱ्या संघात होता. आन्टी निएमीनं २००३ च्या एफए कप अंतिम सामन्यात साउथॅम्प्टनचं गोल राखलं. मिकाएल फोर्सेल, तेमू टाइनिओ, आकी रीहिलाहती अशी नावं घेत राहता येतील. देशाचा संघ हरत होता आणि देशाची मुलं मात्र परदेशी क्लबांत रोजगार मिळवत होती.

आता यास्केलाइनेनकडे येऊ.

त्याचा जन्म १९ एप्रिल १९७५ चा. गाव मिक्केली, फिनलंडच्या सरोवरांच्या मुलखातलं एक लहानसं शहर. त्या शहराचा स्वतःचा क्लब आहे, एमपी नावाचा. यास्केलाइनेन १९९२ पासून त्या क्लबाच्या वरिष्ठ संघात खेळू लागला. पुढे पश्चिम किनाऱ्यावरच्या वासा शहरातल्या व्हीपीएस क्लबाकडे गेला. बोल्टननं त्याला १९९७ च्या नोव्हेंबरात घेतलं तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि सहा हंगाम मोठ्या माणसांत खेळून झाले होते. इथं मी तुम्हाला जरा थांबवतो, कारण या व्याख्यानात मला सांगायचं आहे ते इथंच आहे. सतरा ते बावीस ही वर्षं गोलरक्षकाला घडवणारी. क्रॉस आला की बाहेर पडायचं की रेषेवर थांबायचं, हा निर्णय सरावात शिकवता येत नाही. समोर तीस वर्षांचा धिप्पाड आघाडीपटू धडकायला येतोय, चुकलो तर गुण जाणार आहेत, मागे गावातले लोक उभे आहेत, अशा शेकडो प्रसंगांतून तो अंगात मुरतो. मिक्केलीसारख्या लहान गावानं त्या पोराला ते प्रसंग पुरवले. त्यासाठी त्याला घर सोडून राजधानीला जावं लागलं नाही.

आणखी एक योग त्याच्या वाट्याला आला. १९९२ साली फुटबॉलचा एक नियम बदलला. सहकाऱ्यानं पायानं मागे दिलेला चेंडू गोलरक्षकानं हातात घ्यायचा नाही, असं ठरलं. जुन्या पिढीतल्या कित्येक गोलरक्षकांची त्यानं त्रेधा उडाली. यास्केलाइनेन त्याच वर्षी वरिष्ठ फुटबॉलमध्ये उतरत होता, त्यामुळे पायानं खेळणं हा त्याच्या शिक्षणाचाच भाग झाला. पुढे बोल्टनमध्ये त्याची लांब पल्ल्याची किक हे संघाचं हत्यार बनलं. गोलपासून निघालेला चेंडू थेट केव्हिन डेव्हिससारख्या दणकट आघाडीपटूच्या डोक्यावर जायचा आणि हल्ला सुरू व्हायचा.

बोल्टननं त्याच्यासाठी मोजले एक लाख पौंड. इंग्लिश फुटबॉलच्या हिशेबानं ही रक्कम तेव्हाही किरकोळच होती. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट कागदाची. फिनलंड १ जानेवारी १९९५ ला युरोपीय संघात सामील झाला. त्याच वर्षीच्या १५ डिसेंबरला युरोपच्या न्यायालयानं बोसमन खटल्याचा निकाल दिला. बेल्जियमच्या या खेळाडूनं न्यायालयात लढून मिळवलेल्या निकालामुळे युरोपीय संघातल्या खेळाडूंवरची परदेशी म्हणून असलेली संख्यामर्यादा उठली आणि करार संपलेल्या खेळाडूला मोबदल्याशिवाय दुसरीकडे जाण्याची मोकळीक मिळाली. म्हणजे यास्केलाइनेन वीस वर्षांचा झाला त्या एकाच वर्षात त्याच्यापुढचं दार दोनदा उघडलं. त्याला इंग्लंडमध्ये काम करायला वेगळा परवाना लागला नाही. देशाचा संघ क्रमवारीत कितवा आहे, हे कुणी विचारलं नाही.

या ठिकाणी एका भारतीय खेळाडूची आठवण काढलीच पाहिजे. बोल्टनपासून साधारण दहा किलोमीटरवर बरी नावाचं गाव आहे. १९९९ च्या सप्टेंबरअखेरीस बायचुंग भुतियानं बरी एफसीशी करार केला. युरोपातल्या क्लबाशी व्यावसायिक करार करणारा तो पहिला भारतीय. त्याचंही वय तेव्हा बावीसच होतं. म्हणजे एका मोसमात, शेजारशेजारच्या दोन गावांत, एकाच वयाला परदेशातून आलेले दोन तरुण नशीब आजमावत होते, एक मिक्केलीचा आणि दुसरा सिक्कीमचा. भुतिया तिथं तीन हंगाम होता. लीगचे सदतीस सामने, तीन गोल. गुडघ्याच्या दुखापतींनी त्याला छळलं आणि क्लबच आर्थिक गर्तेत गेला. त्या बरी क्लबाला २०१९ च्या ऑगस्टमध्ये इंग्लिश लीगमधून काढून टाकण्यात आलं. भुतिया गुणांत कमी होता असं मी कधीच म्हणणार नाही. त्याच्या पाठीशी सहा हंगामांचं त्या दर्जाचं फुटबॉल नव्हतं, त्याच्या आधी कुणी त्या वाटेनं गेलेलं नव्हतं, आणि दुखापत झाल्यावर सावरायला वेळ देईल अशी ताकद त्याच्या क्लबात नव्हती.

दहा वर्षांनी सुनील छेत्रीचा प्रसंग घडला. २००९ साली क्वीन्स पार्क रेंजर्सनं त्याला करार देऊ केला, पण ब्रिटिश सरकारनं कामाचा परवाना नाकारला. नियम असा होता की खेळाडूचा देश जागतिक क्रमवारीत पहिल्या सत्तरांत हवा आणि खेळाडूनं देशाचे पंचाहत्तर टक्के सामने खेळलेले हवेत. छेत्री दुसरी अट सहज पुरी करत होता. पहिली अट त्याच्या हातात नव्हती. भारताचा आजवरचा सर्वांत वरचा क्रमांक चौऱ्याण्णव, तो १९९६ चा. फिनलंडचा संघ त्या सत्तरांत असो वा नसो, फिनिश मुलाला ही अट लागूच नव्हती. एका गुणी खेळाडूचं आयुष्य पासपोर्टच्या रंगानं असं वेगळं वळण घेतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

बोल्टन या गावाविषयी थोडं सांगतो. मुंबईच्या माणसाला ते आपलं वाटावं असं गाव आहे. सॅम्युअल क्रॉम्प्टननं १७७९ मध्ये सूतकताईचं जे यंत्र बनवलं ते बोल्टनमध्ये. लँकेशायरच्या गिरण्यांचं हे माहेर. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या, तेव्हा मुंबई बंदरातून कापसाच्या गाठी तिकडे गेल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला. पुढे तिथल्या गिरण्या बंद पडल्या, आपल्याही पडल्या. गुजरातेतून गेलेली अनेक कुटुंबं आज बोल्टनमध्ये राहतात. फुटबॉल क्लब स्थापन झाला १८७४ मध्ये, एका चर्चच्या शाळेतून. १८८८ मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली, त्या बारा संस्थापक क्लबांपैकी बोल्टन एक. गिरण्या गेल्या तरी क्लब टिकला. आपल्याकडे मफतलाल मिल, ओर्के मिल असे संघ गाजले, पण गिरणीबरोबर संघही गेले, कारण ते मालकाच्या खात्यातून चालत होते. बोल्टनचा क्लब गावाचा होता, म्हणून गिरणीच्या पश्चातही तो एका फिनिश गोलरक्षकाला पंधरा वर्षं पोसू शकला.

तो आला त्या मोसमाच्या शेवटी बोल्टन प्रीमियर लीगमधून खाली घसरलं. नवीन आलेल्या परदेशी पोराला यापेक्षा वाईट सुरुवात ती काय! पण माझ्या मते हेच त्याच्या पथ्यावर पडलं. वरच्या लीगमध्ये अननुभवी गोलरक्षकाला कुणी उतरवलं नसतं. दुसऱ्या स्तरावर १९९८-९९ च्या हंगामात त्याला संधी मिळाली आणि इंग्लिश फुटबॉलची धक्काबुक्की, चिखल, आठवड्याला दोन सामने हे सगळं तो तिथं शिकला. तीन हंगाम त्या स्तरावर काढल्यावर २००१ मध्ये बोल्टन पुन्हा वर चढलं.

वर चढल्यावर पहिल्याच सामन्यात लेस्टरला त्यांच्याच मैदानावर ५-० नं हरवलं, आणि ऑक्टोबरात ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला २-१. प्रशिक्षक होते सॅम अ‍ॅलार्डाइस. बाहेरून रांगडे वाटणारे हे गृहस्थ आकडेवारी, आहारशास्त्र, स्नायूंची निगा यांवर इतर क्लबांच्या आधी पैसे खर्च करणारे. त्यांनी जे-जे ओकोचा, युरी जोर्काएफ, फर्नांदो हिएरो अशा कारकिर्दीच्या उतरणीला लागलेल्या थोर खेळाडूंना या लहान गावात आणून पुन्हा फुलवलं. २००४-०५ मध्ये बोल्टन सहावं आलं आणि इतिहासात प्रथमच युरोपीय स्पर्धेला पात्र ठरलं. लोक ओकोचाची कलाकारी पाहायला यायचे, आणि ते योग्यच होतं. पण ओकोचाला चार चेंडू गमावायची मोकळीक होती, कारण मागे उभा असलेला माणूस बहुतेक वेळा चुकत नसे.

गोलरक्षकाच्या नोकरीत एक क्रूर गोष्ट असते. संघात जागा एकच. राखीव मधल्या फळीतला खेळाडू शेवटची वीस मिनिटं तरी खेळतो. राखीव गोलरक्षक महिनोन्‌महिने बाकावर बसतो. यास्केलाइनेनमुळे अशी चार वर्षं ज्यानं बसून काढली तो अली अल-हब्सी. हा ओमानचा, म्हणजे आपल्या समोरच्या समुद्रापलीकडचा. ओमानात तो अग्निशमन दलात नोकरी करत होता. तिथं गोलरक्षकांना शिकवणाऱ्या जॉन बरिज या जुन्या इंग्लिश गोलरक्षकानं त्याला हेरलं. थेट इंग्लंडला जाणं जमेना, म्हणून तो आधी नॉर्वेतल्या लिन क्लबाकडे गेला. तिथं तीन हंगाम खेळला, नाव कमावलं आणि मग २००६ मध्ये बोल्टनला आला. पुढे विगनला गेल्यावर तो पहिल्या पसंतीचा गोलरक्षक झाला. आपल्या गुरप्रीतसिंग संधूनंही हीच वाट धरली होती. नॉर्वेच्या स्टाबेक क्लबाकडून २०१६ मध्ये युरोपा लीगच्या पात्रता फेरीत खेळणारा तो पहिला भारतीय ठरला. अल-हब्सीचा प्रवास मी मुद्दाम सांगतोय. युरोपीय पासपोर्ट नसलेल्या आशियाई मुलासाठी वाट आहे. ती लांबची आहे, मधे मुक्काम घ्यावा लागतो, पण आहे.

२०११-१२ च्या हंगामात यास्केलाइनेनची जागा गेली. अ‍ॅडम बोग्दान या तरुण हंगेरियन गोलरक्षकाला पसंती मिळाली. त्याच हंगामात बोल्टन अकरा वर्षांनी प्रीमियर लीगमधून खाली गेलं. योगायोग असा की त्यांच्याबरोबरच ब्लॅकबर्न रोव्हर्सही घसरलं. हा क्लब पुण्याच्या व्यंकीज उद्योगसमूहानं २०१० च्या नोव्हेंबरात विकत घेतला होता. आणि घेतल्यावर महिन्याभरातच ज्या प्रशिक्षकाला नारळ दिला, ते होते सॅम अ‍ॅलार्डाइस. तेच अ‍ॅलार्डाइस पुढे वेस्ट हॅमला गेले आणि २०१२ मध्ये त्यांनी सदतीस वर्षांच्या यास्केलाइनेनला बोलावून घेतलं. त्या हंगामात तो लीगचे अडतीसच्या अडतीस सामने खेळला. बोल्टनला जो जुना झाला असं वाटलं होतं, त्यानं एकही सामना चुकवला नाही.

नंतर चाळिशीत तो तिसऱ्या स्तरावरच्या विगनकडे गेला आणि २०१६ मध्ये त्या लीगचं विजेतेपद मिळवणाऱ्या संघात होता. प्रीमियर लीगमध्ये दशक काढलेल्या माणसाला तिसऱ्या स्तरावर खेळण्यात कमीपणा वाटला नाही. हा गुण मला फार मोठा वाटतो. आणि २०१७ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, तो आला कोलकात्याला, आपल्या इंडियन सुपर लीगमधल्या एटीके संघाकडे. त्याच संघात न्याझी कुची हा आणखी एक फिनिश खेळाडू होता.

या न्याझीचा थोरला भाऊ शेफ्की कुची. त्याच्याविषयी दोन वाक्यं तरी बोलायला हवीत. जन्म कोसोव्होतला, कुटुंब निर्वासित म्हणून फिनलंडला आलं, तिथल्या क्लबांनी त्याला वाढवलं. मग इंग्लिश लीगमध्ये स्टॉकपोर्ट, शेफील्ड वेन्सडे, इप्सविच, ब्लॅकबर्न, क्रिस्टल पॅलेस, फुलहॅम, स्वान्सी, डर्बी, न्यूकॅसल, ओल्डहॅम अशी त्याची भटकंती झाली. एक माणूस पंधरा वर्षं एका ठिकाणी, दुसरा दर दीड-दोन वर्षांनी नव्या गावात, पण दोघांचंही पोट फुटबॉलवर चाललं.

देशासाठी यास्केलाइनेन छप्पन्न सामने खेळला. निएमी आणि तो एकाच काळात आले, त्यामुळे फिनलंडकडे इंग्लंडमध्ये नावाजलेले दोन गोलरक्षक आणि जागा एक, असं कित्येक वर्षं चाललं. मोठ्या स्पर्धेत खेळण्याचं भाग्य मात्र त्या पिढीला लाभलं नाही. ते आलं तेमू पुक्कीच्या वाट्याला. सेव्हिया, शाल्के, सेल्टिक इथं फारसा न चमकलेला हा आघाडीपटू डेन्मार्कमध्ये सावरला आणि २०१८ मध्ये मोबदल्याशिवाय नॉर्विचला आला. पहिल्याच हंगामात दुसऱ्या स्तरावर एकोणतीस गोल. पुढच्या ऑगस्टमध्ये प्रीमियर लीगमध्ये न्यूकॅसलविरुद्ध हॅटट्रिक. १५ नोव्हेंबर २०१९ ला फिनलंडनं लिख्टेनस्टाइनला ३-० नं हरवलं, त्यात दोन गोल पुक्कीचे, आणि तो देश प्रथमच युरो स्पर्धेला पात्र झाला. पहिल्या सामन्यात कोपनहेगनला डेन्मार्कवर १-० असा विजय मिळाला. डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन मैदानावर कोसळला तोच हा सामना, त्यामुळे त्या विजयाचा उत्सव कुणी केला नाही.

आता आपल्याकडे वळतो.

ब्लॅकबर्नचा संघ २०११ च्या ऑक्टोबरात पुण्यात आला होता. बालेवाडीत पुणे एफसीशी सामना झाला, ३-० असा पाहुण्यांनी जिंकला. महाराष्ट्रातल्या माणसांच्या मालकीचा, लँकेशायरमधला, १८७५ सालचा क्लब बालेवाडीत खेळतोय, हे दृश्य मला तेव्हा फार आशादायक वाटलं होतं. आता गावोगावची मुलं निवडून तिकडे जातील असं वाटलं होतं. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवला ब्लॅकबर्नमध्ये काही काळ सराव करायला मिळाला, हे त्यातलं ठळक उदाहरण. जन्म २००० चा, घरची परिस्थिती बेताची, २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला. पण सराव वेगळा आणि करार वेगळा. परवान्याची जी अडचण छेत्रीला आडवी आली ती अनिकेतच्या पिढीपुढेही आहे. मालक पुण्याचे असले तरी ब्रिटनचा कायदा बदलत नाही.

अनिकेत ज्या कोल्हापुरातून आला तिथलं फुटबॉल मला मिक्केलीच्या सर्वांत जवळचं वाटतं. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, सगळे संघ पेठांचे आणि तालमींचे. शाहू स्टेडियम हजारोंनी भरतं. पोरगं सोळा-सतरा वर्षांचं झालं की पेठेच्या मोठ्या संघात उतरतं, समोर तीस वर्षांचा गडी असतो, मागे सगळी पेठ उभी असते. गोलरक्षक घडायला हवी ती परिस्थिती तिथं आयती आहे. मात्र तिथला सर्वोत्तम खेळाडूही पुढे जायचं तर गाव सोडतो, कारण पेठेच्या लीगच्या वर चढत जाणारी अखंड रचना नाही. मिक्केलीचा क्लब जिंकला तर देशाच्या पहिल्या स्तरावर जाऊ शकतो. कोल्हापूरची तालीम कितीही जिंकली तरी कोल्हापूरचीच राहते. इथं बदल झाला पाहिजे, आणि तो राज्य संघटनेच्या आणि राष्ट्रीय महासंघाच्या हातात आहे. पैसे लागतात, पण त्याहून आधी वरच्या लीगचं दार खालच्या विजेत्याला उघडं ठेवण्याची तयारी लागते.

खाशाबा हेलसिंकीहून परतले, पोलीस खात्यात फौजदार झाले आणि १९८४ ला अपघातात गेले. जिवंत असेपर्यंत त्यांच्या कौशल्याचा या राज्यानं पुरेसा उपयोग करून घेतला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. फिनलंडनं आपल्या खेळाडूंना तसं वाऱ्यावर सोडलं नाही. यास्केलाइनेनचा मुलगा विल पुढे क्रू अलेक्झांड्रा क्लबात गोलरक्षक झाला. घरातलं ज्ञान पुढच्या पिढीत गेलं. आपल्याकडे गोलरक्षकांना शिकवणारे किती आहेत? शाळेच्या संघात सर्वांत कमी धावणाऱ्या मुलाला गोलमध्ये उभं करण्याची पद्धत अजून गेलेली नाही. मिरा-भाईंदरमध्ये फुटबॉल शिकवणारे जे शिक्षक आज समोर बसले असतील त्यांना माझी विनंती आहे की आठवड्यातला एक तास फक्त गोलरक्षकांसाठी ठेवा, आणि तुमच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना मोठ्यांच्या सामन्यांत उतरू द्या. हरू द्या. त्या वयात हरलेले सामने बावीस वर्षांच्या वयात उपयोगी पडतात.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, २०२१ पासून, फिनिश मुलालाही इंग्लंडमध्ये खेळायचं तर गुण जमवून परवाना मिळवावा लागतो. देशासाठी किती खेळला, कुठल्या दर्जाच्या लीगमध्ये खेळला, क्लब किती वर आला, अशा बाबींवर हे गुण मिळतात. आज एक लाख पौंडांत मिक्केलीचा पोरगा सहज बोल्टनला जाऊ शकला नसता. त्याला आणि आपल्या मुलाला आता एकाच रांगेत उभं राहायचं आहे, फक्त त्याच्या लीगचा दर्जा वरचा आहे. तो फरक आपण आपल्या लीगनं भरून काढायचा आहे.

२०२१ च्या युरो स्पर्धेत फिनलंडच्या संघात असलेला योनी काउको त्याच वर्षी एटीके मोहन बागानकडे आला. २०२२ च्या मार्चमध्ये सुपर लीगच्या उपांत्य फेरीत त्याच्या संघाची गाठ हैदराबादशी पडली. सामने झाले गोव्यात. हैदराबादनं दोन सामन्यांत मिळून ३-२ अशी बाजी मारली आणि पुढे विजेतेपदही मिळवलं. त्या विजेत्या चमूत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता.

मला सांगायचं होतं ते सांगून झालं. प्रश्न असतील तर जरूर विचारा. मुलांना आधी विचारू द्यावं, एवढं सुचवतो.